आरोग्य खात्याचा माणूस दारावर का येतो? नागपूरकरांचे नेहमीचे प्रश्न

नागपुरात हिवताप आणि हत्तीरोगाच्या कामावर माझी तीस वर्षं गेली. दिवसा कूलर उघडून अळ्या शोधायच्या, रात्री लोकांच्या बोटातून रक्ताचा थेंब काढायचा. निवृत्त झालो तेव्हा वाटलं, सुटलो. पण कॉलनीतल्या कट्ट्यावर बसलो की तेच प्रश्न येतात, लग्नात जेवायला बसलो तरी तेच. म्हणून एकदाचं लिहून काढलं. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे सांगण्यासारखं बरंच आहे. काही दोन ओळींत आटोपली आहेत.

सार्वजनिक आरोग्य यंत्रणा म्हणजे कोण? मेडिकल आणि मेयो त्यातच येतात का?

अर्धेमुर्धे येतात. मेडिकल, मेयो, डागा, मिहानमधलं एम्स इथे आपण आजारी पडल्यावर जातो. आरोग्य यंत्रणेचं काम त्याच्या आधी सुरू होतं. कोणत्या वस्तीत ताप वाढलाय, कुठल्या नळाला घाण पाणी येतंय, कोणत्या शाळेत गोवराची पोरं निघाली, हे बघणारी ती माणसं. पण रुग्णालयातून नमुने आणि नोंदी आल्या नाहीत तर या माणसांना काहीच दिसत नाही. म्हणून अर्धेमुर्धे म्हटलं.

शहरात हे काम महापालिकेचा आरोग्य विभाग करतो. त्याच्याखाली दहा झोन, नागरी प्राथमिक आरोग्य केंद्रं आणि आशाताई. गावाकडे जिल्हा परिषदेचे जिल्हा आरोग्य अधिकारी, प्राथमिक आरोग्य केंद्र, उपकेंद्र. त्यावर राज्याचं आरोग्य खातं आणि दिल्लीतलं राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्र. संशोधनाची मोठी संस्था म्हणजे आयसीएमआर, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद. इंग्रजांच्या काळात १९११ साली ती सुरू झाली आणि १९४९ मध्ये तिला आजचं नाव मिळालं. पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था, जिला सगळे एनआयव्ही म्हणतात, ती याच परिषदेची.

शिवाय पाण्याचं खातं वेगळं, अन्न व औषध प्रशासन वेगळं, पशुसंवर्धन वेगळं. आजाराला मात्र ही खाती कळत नाहीत, त्यामुळे साथ आली की सगळ्यांना एका टेबलावर बसावं लागतं. बसतात का? उशिरा का होईना, बसतात.

नागपुरात संशोधन होतं का, की सगळं पुण्या-दिल्लीतच?

होतं, आणि जुनं आहे. नीरी, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, सगळ्यांना माहीत आहे, पण तिचं पहिलं नाव फार थोड्यांना आठवतं. १९५८ साली ती सुरू झाली तेव्हा ती केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था होती. १९७४ मध्ये नाव बदललं आणि 'पर्यावरण' आलं. पिण्याचं पाणी, सांडपाणी, मैला हाच तिचा मूळ धंदा. कॉलरा, कावीळ, टायफॉइड हे आजार औषधापेक्षा पाइपलाइनमुळे जास्त हटतात, ही समज त्या पहिल्या नावातच होती. मला विचाराल तर नाव बदलायला नको होतं.

कोरोनात नाकात काडी घालण्याऐवजी मिठाच्या पाण्यानं गुळणी करून नमुना द्यायची पद्धत याच संस्थेत बसवली गेली. २०२१ मध्ये आयसीएमआरनं तिला मान्यता दिली. लहान पोरांच्या आयांनी तेव्हा किती दुवा दिल्या असतील!

चांदीपुरा विषाणू नागपूरचा, हे खरं का?

खरं आहे. १९६५ साली नागपुरात तापाची मोठी साथ होती. लोक सांधेदुखीनं वाकले होते. साथ होती चिकुनगुन्या आणि डेंग्यूची. पुण्याच्या विषाणू केंद्राची माणसं रक्ताचे नमुने घेऊन गेली. हे केंद्र १९५२ मध्ये सुरू झालेलं, आजच्या एनआयव्हीचं आधीचं रूप. त्या नमुन्यांत दोन रुग्णांच्या रक्तात असा विषाणू सापडला जो कोणाच्याच यादीत नव्हता. नमुने नागपूरच्याच चांदीपुरा भागातले, म्हणून विषाणूचं नाव चांदीपुरा.

पुढची अडतीस वर्षं तो जवळपास कागदातच राहिला. मग २००३ च्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात आंध्र प्रदेशात लहान मुलांना अचानक ताप, झटके आणि बेशुद्धी येऊ लागली. ३२९ मुलं आजारी पडली, त्यातली १८३ गेली. तपासात नाव निघालं चांदीपुरा. आपल्या महाराष्ट्रातही त्या वर्षी रुग्ण होते. २०२४ मध्ये गुजरातेत तो पुन्हा आला. तेव्हा जून ते ऑगस्टच्या मध्यापर्यंत देशभरातल्या मेंदूज्वराच्या २४५ रुग्णांपैकी ६४ जणांमध्ये तो पक्का सापडला.

दोन रुग्णांच्या रक्तात सापडलेली एक निरुपद्रवी वाटणारी नोंद चाळीस वर्षांनी मुलांच्या मृत्यूचं कारण ओळखायला कामी आली. त्या दिवशी कोणी म्हटलं असतं, 'दोनच तर नमुने आहेत, टाका बाजूला', तर २००३ मध्ये डॉक्टर अंधारात चाचपडत बसले असते. आजही त्यावर खास औषध नाही, लस नाही. तो पसरवते वाळूमाशी, डासाहून कितीतरी लहान. मातीच्या भिंतीच्या भेगांत आणि गोठ्याच्या ओलाव्यात ती राहते. म्हणून भेगा लिंपणं आणि पोराला मच्छरदाणीत झोपवणं हेच हाती उरतं. ताप येऊन काही तासांत झटके आले तर गावातल्या डॉक्टरकडे वेळ घालवू नका, थेट मोठं रुग्णालय गाठा.

माझ्या तापाची नोंद दिल्लीपर्यंत जाते कशी?

२००४ पासून एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम चालतो. त्यात तीन प्रकारचे फॉर्म असतात. आरोग्य सेविका लक्षणं बघून लिहिते तो एस. डॉक्टर अंदाजानं निदान करतो तो पी. प्रयोगशाळेत पक्कं होतं तो एल. पूर्वी हे आठवड्यातून एकदा कागदावर जायचं, आता ऑनलाइन पोर्टलवर जातं.

तुमचं नाव तिथे महत्त्वाचं नसतं, पत्ता महत्त्वाचा असतो. एका मोहल्ल्यातून चार दिवसांत सात जुलाबवाले आले की झोनमध्ये कोणीतरी कपाळाला आठी घालतो. म्हणून दवाखान्यात पत्ता विचारला की 'नागपूर' एवढंच लिहू नका. पाहुण्याच्या घरी राहत असाल तर तिथला पत्ता द्या, कारण डास तिथे चावला, आधार कार्डावरच्या पत्त्यावर नाही चावला.

खासगी लॅबनं डेंग्यू पॉझिटिव्ह दिला, महापालिका म्हणते 'संशयित'. मग खरं काय?

दोघंही आपापल्या जागी बरोबर. बहुतेक लॅब आधी कार्ड टेस्ट करतात. ती झटपट होते, पण चुकतेही. सरकारी कार्यक्रमात एलायझा या प्रयोगशाळेतल्या पद्धतीनं आलेला निकालच पक्का धरतात: पहिल्या पाचेक दिवसांत एनएस-वन, म्हणजे विषाणूचं प्रथिन शोधतात, त्यानंतर आयजीएम, म्हणजे शरीरात तयार झालेली प्रतिपिंडं. आयजीएमचे किट पुण्याहून एनआयव्हीकडून येतात. उपचारासाठी डॉक्टर कार्डावर भरवसा ठेवून चालतील, त्यात चूक नाही. पण दोन शहरांची किंवा दोन वर्षांची तुलना करायची तर मोजपट्टी एकच लागते.

लोकांचा राग मला समजतो. घरात पोराच्या प्लेटलेट उतरताहेत आणि सरकार म्हणतं 'संशयित', असं झालं की कोणाचंही डोकं फिरेल. हा शब्द निदानाचा नाही, मोजणीचा आहे, एवढं लक्षात ठेवा. संशयित म्हटलं तरी तुमच्या घराच्या आसपास अळी शोधायला माणूस यायलाच हवा. नाही आला तर झोन ऑफिसात जाऊन भांडा, तो तुमचा हक्क आहे.

रात्री नऊ-दहाला रक्त तपासायला का येता? दिवसा नाही येत का?

हा प्रश्न मला आयुष्यात सगळ्यात जास्त वेळा विचारला गेला, तोही दाराच्या आडून, साखळी न काढता.

हत्तीरोगाचे जंतू फार चतुर. मोठे जंत लसिकावाहिन्यांत बसतात आणि त्यांची पिल्लं, म्हणजे मायक्रोफायलेरिया, रक्तात येतात. पण दिवसा ती फुप्फुसातल्या बारीक रक्तवाहिन्यांत दडून राहतात. रात्र झाली की हातापायाच्या रक्तात येतात, कारण त्यांना पुढे नेणारा क्युलेक्स डास रात्री चावतो. दिवसा रक्त घेतलं तर अहवाल 'निरंक', आणि माणूस मात्र जंतू घेऊन फिरतोय. म्हणून साडेआठ-नऊनंतर यावं लागतं.

आमची टोळी असायची चार जणांची. एकाच्या खांद्यावर काचपट्ट्यांची पेटी, एकाकडे टॉर्च आणि वही. स्पिरिटचा बोळा, लॅन्सेटची टोच, तीन थेंब काचेवर, आणि काचेच्या टोकानं त्यांची गोल पसरट चकती करायची. पट्टीवर नंबर आधी टाकायचा, थेंब नंतर. नाहीतर पुढच्या घरी कोणाची कोणती ते कळत नाही. थंडीत बोट दाबून दाबून थेंब काढावा लागायचा. एकदा इतवारीतल्या एका घरात आजीबाईनं आतूनच विचारलं, 'काय बा, रात्रीचे बिमारी पायता का चोरी कराले आले?' ओळखपत्र दाखवलं, शेजारच्या भाऊंनी साक्ष दिली, तेव्हा दार उघडलं. आजीनं स्वतःचं रक्त दिलं, वर सुनेला उठवून तिचंही द्यायला लावलं, आणि आम्हाला चहा पाजला. सुनेची पट्टी पॉझिटिव्ह निघाली. ती धडधाकट होती, पाय कुठेच सुजला नव्हता.

या आजाराची खोड हीच. सूज दिसते वर्षानुवर्षांनी, आणि एकदा पाय हत्तीचा झाला की तो पूर्ववत होत नाही. पकडायचा तर सूज नसताना पकडायचा.

मला काही झालेलं नाही, मग हत्तीरोगाच्या गोळ्या का खाऊ?

वरच्या सुनेसाठी. तिच्यासारखे किती आहेत हे कोणालाच दिसत नाही आणि प्रत्येकाचं रात्री रक्त घेणं शक्य नाही. म्हणून सगळ्या वस्तीला एकदाच गोळ्या दिल्या की रक्तातले जंतू एकदम खाली येतात आणि डासाला पुढे न्यायला काही उरत नाही.

पूर्वी डीईसी आणि अल्बेंडाझोल अशा दोन गोळ्या असत. मग परदेशातल्या अभ्यासांत दिसलं की आयव्हरमेक्टिन जोडलं तर जंतू जास्त काळ दबून राहतात. भारतात कर्नाटकातल्या यादगिरीत आधी सुरक्षितता तपासली गेली, आणि मग ज्या मोजक्या जिल्ह्यांत तीन औषधांचा प्रयोग सुरू झाला त्यांत २०१९ मध्ये आपलं नागपूर होतं. म्हणजे देशभर पुढे जे झालं त्याची चाचपणी आपल्या दारात झाली. कोणी हार घातले नाहीत, उलट 'गोळी खाल्ली अन् चक्कर आली' अशी ओरड झाली.

चक्कर, ताप, उलटी येऊ शकते. बहुतेक वेळा ती जंतू मरत असल्यामुळे येते आणि एक-दोन दिवसांत जाते. रिकाम्या पोटी घेऊ नका. गर्भवती, दोन वर्षांखालची बाळं आणि गंभीर आजारी यांना देत नाहीत. आयव्हरमेक्टिन उंची मोजून देतात, म्हणून कर्मचाऱ्याजवळ पट्टी असते. आणि गोळी त्याच्यासमोरच घ्या. 'ठेवून जा, रात्री खातो' म्हणणाऱ्यांच्या गोळ्या मी नंतर फ्रिजवर, देवघरात आणि एकदा पोपटाच्या पिंजऱ्याजवळ पडलेल्या पाहिल्या आहेत.

कूलरच का तपासता? नाली बघा ना!

नालीही बघतो. पण डेंग्यूचा एडिस डास नालीत अंडी घालत नाही, त्याला स्वच्छ साचलेलं पाणी लागतं. आणि नागपुरात उन्हाळाभर घराघरात असं पाणी कुठे साचतं? कूलरच्या टाकीत. जूनमध्ये पहिला पाऊस पडला की कूलर बंद होतो, पण टाकी रिकामी कोणी करत नाही. मग तो गॅलरीत पावसाचं पाणी पीत ऑगस्टपर्यंत उभा.

अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस कोरडा ठेवा असं सांगतो. नुसतं पाणी फेकून भागत नाही. अंडी टाकीच्या कडेला, पाण्याच्या रेषेवर चिकटलेली असतात आणि सुकून कित्येक महिने जिवंत राहतात. पाणी लागलं की फुटतात. घासणी घेऊन कडा घासायच्या, खस बाहेर काढून उन्हात वाळवायची, आणि मगच पोटमाळ्यावर टाकायची.

आम्ही घरं मोजतो. शंभर घरांत किती घरांत अळी सापडली तो हाऊस इंडेक्स. शंभर घरांमागे किती भांड्यांत सापडली तो ब्रेटो निर्देशांक. अहवालात हे दोन आकडे असतात आणि वस्तीची कुंडली त्यातच कळते. कर्मचारी टॉर्च घेऊन आला तर कूलरचं झाकण तुम्हीच उघडून द्या, त्याला बरं वाटतं. पाणी फेकता येत नसेल तर अबेट हे अळी मारायचं औषध टाकतात, हौदात गप्पी मासे सोडतात.

धूरफवारणी का करत नाहीत? नगरसेवक पूर्वी लगेच मशीन पाठवायचे.

धुरानं उडते डास मरतात, तेही ज्याला लागला ते. अळी पाण्यात मजेत असते, चार दिवसांत नवे डास तयार. रुग्ण निघाला त्या भागात फवारणीचा उपयोग आहे. एरवी तो आवाज आणि धूर म्हणजे काम झाल्याचा देखावा. लोकांना देखावा आवडतो, हे मी बघून बघून शिकलोय.

साथीचं मूळ कसं शोधतात?

अलीकडचंच उदाहरण घ्या, जे नागपूरच्या रुग्णालयांतच उलगडलं. २०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याच्या परासिया भागातली लहान लेकरं नागपूरला येऊ लागली. आधी साधा सर्दी-ताप, मग लघवी बंद, मूत्रपिंड निकामी. बहुतेक पाच वर्षांखालची. पहिल्यांदा सगळ्यांच्या मनात संसर्ग. मेंदूज्वर असेल, पाण्यातून काही आलं असेल, उंदरामुळे होणारा लेप्टोस्पायरोसिस, म्हणजे लेप्टो, असेल.

मग राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्र, एनआयव्ही, नीरी, नागपूरचं एम्स, औषध नियंत्रक अशा सगळ्यांची माणसं कामाला लागली. पाणी तपासलं, डास पकडले, रक्ताचे नमुने पुण्याला गेले. एका नमुन्यात लेप्टो निघालाही. पण एका लेप्टोनं सगळ्या मुलांच्या किडन्या जात नाहीत. मूत्रपिंडाच्या तुकड्याची तपासणी विषबाधेकडे बोट दाखवत होती. तेव्हा प्रत्येक घरी एकच प्रश्न विचारत जायचं होतं: आजारी पडायच्या आधी लेकराला काय दिलं? उत्तर निघालं, खोकल्याचं सिरप. त्यातही सुरुवातीला तपासलेल्या औषधांत दोष सापडला नाही. नंतर तामिळनाडूच्या प्रयोगशाळेत एका बॅचमध्ये ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल निघालं. परवानगी असते ०.१ टक्क्याची. हे औद्योगिक द्रावण आहे, किडनी खातं. वीसहून अधिक मुलं गेली.

या कामात एक उत्तर पटलं की बाकीचे दरवाजे बंद करण्याचा मोह होतो. लेप्टोचा एक नमुना हातात असताना 'सापडलं' म्हणून थांबले असते तर ते सिरप आणखी किती दुकानांत विकलं गेलं असतं? म्हणून तुमच्याकडे येऊन कोणी 'मागच्या पंधरा दिवसांत काय खाल्लं, कुठे गेले, कोणतं औषध घेतलं' असं कंटाळवाणं विचारत बसला तर चिडू नका. आणि बाटली फेकू नका. रिकामी असली तरी ठेवा, बॅच नंबर लेबलवर असतो.

पोरांना खोकल्याचं औषध द्यावं का?

दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची सिरपं देऊच नका आणि पाचखालच्यांना शक्यतो टाळा, असा केंद्राचा सल्ला ऑक्टोबर २०२५ मध्ये निघाला आहे. बाकी तुमचे डॉक्टर सांगतील.

गोरेवाड्यात वाघ मेले त्याचा आपल्या आरोग्याशी काय संबंध?

डिसेंबर २०२४ च्या अखेरीस गोरेवाड्याच्या बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या मेले. भोपाळच्या प्रयोगशाळेनं सांगितलं, एच-फाइव्ह-एन-वन, म्हणजे बर्ड फ्लू. पक्ष्याचा विषाणू वाघाला झाला तर उद्या तो माणसाकडे पाय टाकू शकतो का, ही काळजी असते. म्हणून पिंजरे साफ करणाऱ्यांची तपासणी होते, मांस कुठून येतं ते बघतात.

माणूस, जनावर आणि परिसर यांचं आरोग्य एकत्र बघायचं, याला वन हेल्थ म्हणतात. त्यासाठीच्या राष्ट्रीय संस्थेची पायाभरणी ११ डिसेंबर २०२२ ला नागपुरातच झाली. विदर्भात जंगल, जनावरं आणि शेतमजूर एकमेकांना खेटून राहतात, त्यामुळे जागा योग्य निवडली. स्क्रब टायफसही याच जातीचा: गवतातल्या बारीक किड्याच्या चाव्यानं होणारा, पावसाळ्याच्या शेवटी दिसणारा ताप. अंगावर सिगारेटनं भाजल्यासारखा काळा डाग असेल तर डॉक्टरला जरूर दाखवा. बहुतेकदा तो काखेत नाहीतर जांघेत असतो, लाजेमुळे लोक दाखवत नाहीत. वेळेवर डॉक्सिसायक्लिन मिळालं तर माणूस उठून बसतो.

लग्नाआधी सिकलसेल तपासायला का सांगतात?

विदर्भात हा रक्ताचा आनुवंशिक आजार बऱ्याच समाजांत आहे. वाहक माणसाला, म्हणजे ज्याला आई किंवा बाप अशा एकाकडूनच सदोष जनुक मिळाला त्याला, काही होत नाही, तो शेतात राबतो, कबड्डी खेळतो. पण दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी निघायची शक्यता चारात एक. आधी विद्राव्यता चाचणी होते, त्यात शंका आली की इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीनं पक्कं करतात. राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ ला सुरू झालं. चाळीस वर्षांखालच्या सात कोटी लोकांची तपासणी करायची आणि २०४७ पर्यंत आजार संपवायचा, असा त्याचा बेत आहे.

अडचण तपासणीत नाही, कार्ड लपवण्यात आहे. मुलीचा 'वाहक' अहवाल आला की घरचे तो कपाटात पुरतात, स्थळं मोडतील म्हणून. खरं तर वाहक असणं लग्नाच्या आड येत नाही. समोरच्याचा अहवाल माहीत हवा, एवढंच.

संशोधनासाठी माझं रक्त घेतलं तर मी नाही म्हणू शकतो का?

हो. पण आधी फरक समजून घ्या. साथीत नमुना घेणं हे रोगनियंत्रणाचं काम. त्याला कायद्याचा आधार असतो, आणि १८९७ चा साथरोग कायदा मुंबईच्या प्लेगमुळे आला तोच अजून चालतो. संशोधन वेगळं. तिथे तुम्हाला समजेल अशा भाषेत संमतीपत्र मिळालं पाहिजे, त्याची प्रत तुमच्याकडे राहिली पाहिजे, आणि अर्ध्यातून बाहेर पडलात तरी तुमच्या उपचारात फरक पडता कामा नये. नीतिमत्ता समितीची परवानगी लागते. औषधाची चाचणी असेल तर ती भारताच्या चाचणी नोंदवहीत नोंदलेली असते आणि तुम्ही क्रमांक मागू शकता. मागाच.

तरी जमत असेल तर हो म्हणा. १९५६ मध्ये चेन्नईत, तेव्हाच्या मद्रासमध्ये, क्षयाच्या १९३ गरीब रुग्णांनी हो म्हटलं. अर्ध्यांना सॅनेटोरियममध्ये ठेवलं, अर्ध्यांना झोपडीतल्या घरीच औषध दिलं. दिसलं की घरी घेतलेलं औषध जवळपास तेवढंच लागू पडतं आणि घरच्यांना धोका वाढत नाही. त्याआधी क्षय झाला की माणूस घरातून उठायचा. आज तुमच्या गल्लीतला टीबीचा रुग्ण घरी राहून गोळ्या खातो, त्याची सुरुवात तिथे आहे.

पोलिओ संपला, तरी डोस का पाजता?

शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ ला हावड्यात सापडला, २७ मार्च २०१४ ला आपण पोलिओमुक्त झालो. पण जगात तो अजून आहे आणि विमान काही तासांत येतं. म्हणून डोसही चालू आणि शहरांच्या सांडपाण्यात विषाणू शोधणंही चालू.

साथीचे आकडे लपवतात का?

खोटं बोलणार नाही. कधी कधी 'जरा नीट' लिहायला सांगतात. माझ्यावरच्या एका साहेबानं एकदा एका वस्तीचा हाऊस इंडेक्स सतरावरून सातवर आणायला लावला होता, पाहणी येणार होती म्हणून. मी लिहिला. तीन आठवड्यांनी त्याच वस्तीत डेंग्यू उसळला आणि औषध, माणसं सगळं दुसरीकडे गेलेलं, कारण कागदावर ती वस्ती स्वच्छ होती. त्या वर्षी ती वही मी घरी आणून ठेवली. अजून आहे.

पण दुसरी बाजूही ऐका. ज्या झोनमध्ये जास्त शोधतात तिथे जास्त सापडतं. 'अमुक झोनमध्ये सर्वाधिक रुग्ण' अशी बातमी आली की तिथल्या अधिकाऱ्याला झापतात, आणि न शोधणारा शाबासकी घेऊन जातो. बातमी वाचताना रुग्ण किती यासोबत नमुने किती तपासले हेही बघत जा.

उन्हाळ्याचं काय? ऊन म्हणजे काही रोग नाही.

पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला की आहे. अहमदाबादमध्ये २०१० च्या उष्णतेच्या लाटेत फार माणसं गेली. तिथे मृत्यूच्या नोंदी आणि तापमान शेजारी ठेवून बघितलं आणि २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा केला. पुढे नागपूरही त्याच वाटेनं गेलं: आगाऊ इशारा, उष्माघात कक्ष, दुपारी बागा उघड्या. सिमेंटच्या घरात टिनाखाली झोपणाऱ्याला इशाऱ्याचा मेसेज पोचतो, पण त्यानं जावं कुठे, हा प्रश्न अजून अर्धाच सुटलाय.

नळाला गढूळ पाणी आलं तर काय करू?

उकळा, आणि झोनला कळवा. कर्मचारी ओटी टेस्ट करतो: नळीत पाणी, त्यात औषधाचे थेंब, पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे. रंग आला नाही तर पाण्यात क्लोरीन उरलेलं नाही, कुठेतरी पाइप फुटून नालीचं पाणी शिरलेलं असू शकतं. गावाकडे हे काम टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडरवर चालतं आणि पाणी किती धोक्याचं त्याप्रमाणे ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. गावी गेलात की कार्ड कोणतं आहे ते सरपंचाला विचारा. चेहरा बघण्यासारखा होतो.

एक सोपं काम सांगा, जे मी याच रविवारी करू शकेन.

संडासच्या टाकीला वर जाणारा व्हेंट पाइप असतो ना, त्याच्या तोंडाला जाळी बांधा. हत्तीरोगाचा क्युलेक्स सेप्टिक टँकमध्ये वाढतो आणि त्या पाइपातून थव्यानं बाहेर पडतो. विकत काही आणायला नको, जुन्या मच्छरदाणीचा वीतभर तुकडा आणि नायलॉनची दोरी पुरते. गच्चीवर चढायला कोणी तरुण पोरगा सोबत घ्या. उन्हानं जाळी सडते, म्हणून मी आमच्याकडची दर दिवाळीला बदलतो, आकाशकंदील लावायला चढलो की.